चार बोटे

सोमवार, ६ फेब्रुवारी २०२३

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

शिडीवरच्या, आपल्या त्या ताडमाड बास्केटबॉलपटूवरच्या, पुस्तकात सत्तेचाळिसाव्या पानावर त्याचा अखेरचा सामना 'शनिवार, १९ मार्च १९९४' रोजी झाला असे छापले आहे. ते चूक आहे. तो रविवार होता आणि तारीख २० होती. त्याच पानावर पुढे 'चौथ्या क्वार्टरमध्ये' असे म्हटले आहे. त्या काळी बास्केटबॉलचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन अर्धांत खेळला जाई. क्वार्टर पुढे सहा वर्षांनी आले. ज्याने हे पान लिहिले तो सामन्याला हजर होता याविषयी मला शंका नाही. त्याने घड्याळ पाहिले नव्हते, एवढेच.

त्या पानावर तिसरेही एक विधान आहे. त्याकडे सावकाश येतो.

माझे क्षेम आहे. डॉक्टर रोज चालायला सांगतात. मी चालतो, गुडघा कुरकुरत मागून येतो. दोन खोल्यांपैकी बाहेरची पुस्तकांनी भरली आहे आणि आतली मला पुरते. तुझी वहिनी होती तेव्हा वर्तमानपत्रातल्या चुका मी तिला मोठ्याने वाचून दाखवीत असे आणि ती भाजी निवडता निवडता 'हं' म्हणत असे. चुका आजही तेवढ्याच असतात. 'हं' मात्र नाही.

पुस्तक मला तुझ्या लेकीने पाठवले. पाकिटावर तिचे अक्षर पाहून क्षणभर तुझेच वाटले. वेलांट्या तशाच घाईत सोडलेल्या. आत एक चिठ्ठी होती. ती जशीच्या तशी उतरवतो, कारण तिने ती तुला न सांगता लिहिली असावी आणि मला तुझ्यापासून आणखी काही लपवायचे नाही. 'मोठे काका, हे पुस्तक बाबांना कुणीतरी टपालाने पाठवलं. बाबांनी पान ४७ वाचलं. चष्मा काढून पुसत बसले, तो मग संध्याकाळपर्यंत लावलाच नाही. तुम्ही तिथे होतात, म्हणून तुम्हाला पाठवतेय.'

'आणखी काही' हे शब्द वरच्या परिच्छेदात माझ्या हातून गेले. खोडणार नाही.

हे पुस्तक कसे झाले ते तुला ठाऊक नसेल. सभागृहासमोरच्या शिंप्याने ते केले. शिडीच्या चड्ड्या जो खास लांब शिवून देई, तोच. शिडी सतरा वर्षे चौदा नंबरची जर्सी घालून आपल्या संघाकडून खेळला. त्याला खेळ सोडून आता एकोणतीस वर्षे होतील. २६ तारखेला सभागृहात त्याचा सत्कार आहे. त्यानिमित्त शिंप्याने बेचाळीस चाहत्यांकडून आठवणी लिहवून घेतल्या आणि स्वतःच्या खिशातून छापल्या. पहिल्या तीनशे प्रती पंधरा दिवसांत संपल्या. दुसरी आवृत्ती १८ तारखेला छपाईला जाणार असून तिची मुद्रिते तपासण्याचे काम त्याने मला दिले आहे. चौतीस वर्षे टेलिफोन डिरेक्टरीची मुद्रिते तपासणाऱ्याला हे काम अवघड नाही. शिवाय तो म्हणाला, "गुणलेखकाच्या टेबलावरून तुम्ही शिडीला सगळ्यांत जवळून पाहिलंत. तुम्हीपण एक पान लिहा की."

ते पान अजून कोरे आहे.

पुस्तक चांगले आहे, हे मला कबूल केले पाहिजे. शुद्धलेखन दुष्काळी आहे, परंतु माणसे खरी आहेत. एका बसकंडक्टरने लिहिले आहे की शिडी बसमध्ये मान वाकडी करून उभा राही, म्हणून त्याने टपावरचे झाकण उघडून दिले आणि शिडी डोके बाहेर काढून तीन थांबे गेला. रस्त्यावरच्या लोकांना वाटले की बसवर पुतळा बसवला आहे. एका परिचारिकेने लिहिले आहे की तो संघातल्या कोणाचा मोडलेला अंगठा दाखवायला दवाखान्यात आला असता, आठ दिवस गेलेला छताचा दिवा त्याने स्टूल न घेता बदलला आणि नंतर विचारले, "अजून कुठला गेलाय का?" मग तिने त्याला चारही वॉर्डांतून फिरवले. एका विधवेने लिहिले आहे की तिचा नवरा अंथरुणाला खिळल्यावर फक्त सामन्याचे आकडे विचारी. कोणीतरी हे शिडीला सांगितले, तर तो रविवारी सकाळी येऊन जमिनीवर बसला आणि आदल्या दिवशीचा सगळा सामना त्याने काडेपेटीतल्या काड्या मांडून दाखवला. "पाय एवढे लांब," ती लिहिते, "की मला चहा घेऊन जायला त्यांना ओलांडावं लागलं, आणि ते प्रत्येक वेळी माफी मागत होते."

हे मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी हातात लाल पेन्सिल नव्हती.

आज येथे थांबतो.

बुधवार, ८ फेब्रुवारी

काल लिहिले नाही. मुद्रिते तपासत होतो, असे म्हणता येईल.

तर आता ते तिसरे विधान. पान ४७, ओळ अकरा: 'तीन मिनिटे चाळीस सेकंद बाकी असताना आंधळ्या पंचाने शिडीला पाचवा फाउल देऊन बाहेर काढले आणि आपण एका गुणाने हरलो.' पुस्तकात इतरत्रही तुझा उल्लेख आहे. सहा ठिकाणी 'तो पंच', तीन ठिकाणी 'आंधळा' आणि एका ठिकाणी जे आहे ते मी येथे लिहीत नाही. तुझे नाव कोणीही लिहिलेले नाही. लोक ते विसरले आहेत. विशेषण तेवढे लक्षात ठेवले आहे.

आणि त्याच क्षणाची दुसरी गोष्ट बेचाळिसांपैकी एकोणतीस जणांनी लिहिली आहे, ती म्हणजे चार बोटे. बाहेर जाताना शिडीने हात उंच करून चार बोटे दाखवली. सबंध सभागृह उभे राहिले आणि प्रत्येकाने चार बोटे वर केली. शिंपी म्हणतो, ती चार बाजूंच्या प्रेक्षकांना होती. कंडक्टर म्हणतो, चार वेळा जिंकलेल्या चषकांची होती. परिचारिकेला वाटते, ती चार वॉर्डांची होती, बिचारी. एका गवंड्याने तर घराच्या दर्शनी भिंतीवर सिमेंटमध्ये चार बोटे उमटवून ठेवली आहेत. त्याचे छायाचित्र पुस्तकात आहे. त्या दिवसापासून येथे बास्केटबॉलवेडी माणसे रस्त्यात भेटली की हात हलवण्याऐवजी चार बोटे दाखवतात. मलाही दाखवतात. मी मान हलवतो.

ती बोटे कशाची होती हे तुला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. त्या सभागृहात बावीसशे माणसे होती आणि बोटे वाचता येणारी तिघेच होती. त्यातला एक बोटे दाखवत होता.

पंचाने फाउल दिला की तो टेबलाकडे वळून खेळाडूचा क्रमांक हातांनी दाखवतो. मूठ म्हणजे दहा आणि दुसऱ्या हाताची बोटे वरच्या आकड्याची. गुणलेखक ती खूण पाहून पत्रकात नोंद करतो आणि त्या खेळाडूचा हा कितवा फाउल, त्या आकड्याची पाटी उचलतो. पाचाची पाटी लाल असते. पाचावर माणूस बाहेर. हे मी तुला शिकवतो आहे याचे हसू येते. परंतु हे पत्र तुझी लेक वाचील, आणि तिला हे कोणीही नीट समजावून सांगितले नसणार. शाळेत तिला 'आंधळ्याची पोर' म्हणत, तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

उत्तरार्धाच्या सातव्या मिनिटाला नोंदीत एक चूक झाली.

हे वाक्य मी तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा ते असेच आले. 'चूक झाली.' जणू पाऊस झाला. दुसऱ्या कोणी असे वाक्य लिहिले असते तर मी समासात प्रश्नचिन्ह काढून 'कोणाकडून?' असे विचारले असते.

शनिवार, ११ फेब्रुवारी

चूक मी केली.

उत्तरार्धाच्या सातव्या मिनिटाला तू शिट्टी वाजवलीस. आपल्या बाराव्या क्रमांकाच्या खेळाडूने समोरच्या संघातल्या एका बुटक्या पोराला धक्का दिला होता. त्या गोंधळात त्या पोराचा बूट निघाला आणि घरंगळत शिडीच्या पायाशी आला. शिडीने तो उचलला. आत डोकावून पाहिले. मग नाकाशी नेला, डोळे फिरवले, कोसळल्यासारखे केले, आणि दोन्ही हातांत बूट धरून, एखादा मौल्यवान दागिना द्यावा तसा, त्या पोराला कमरेत वाकून दिला. सगळे सभागृह हसले. तो पोरगाही हसला.

मी हसलो. सोळा वर्षे त्या टेबलाशी बसत होतो आणि एकदाही हसलो नव्हतो. टेबलाने हसायचे नसते, हे तुला मीच सांगितले होते. त्या क्षणी तू मूठ आणि दोन बोटे दाखवत होतास, आणि मी तुझ्याकडे पाहत नव्हतो. मी त्याच्याकडे पाहत होतो. मान खाली घातली तेव्हा खूण संपली होती. तुला पुन्हा विचारायला हवे होते. नियम तसा आहे. पण टेबलाने पंचाला पुन्हा विचारणे म्हणजे टेबलाचे लक्ष नव्हते हे जाहीर करणे. डोळ्यांपुढे चौदा नंबर होता, म्हणून मी चौदाच्या रकान्यात खूण केली. साहाय्यक गुणलेखक तापाने आला नव्हता आणि फळ्यावरचे आकडेही मीच फिरवत होतो. हे कारण नव्हे. नोंद म्हणून सांगतो. चाराची पाटी उचलली तोवर चेंडू खेळात आला होता. ती कोणी पाहिली नाही.

पुढे तीन मिनिटे चाळीस सेकंद उरले असताना शिडीने खरोखर फाउल केला. तो त्याचा चौथा होता. मी लाल पाटी उचलली.

त्याने माझ्याकडे पाहून हात वर केला. चार बोटे. बाकी जे काही झाले ते त्या चार बोटांना पाहून इतरांनी केले.

तू टेबलापाशी आलास. पत्रकावर बोट ठेवलेस. तू काय म्हणालास ते मला शब्दशः आठवते, कारण तू त्या दिवशी पहिल्यांदाच सामन्यात मला नात्याने हाक मारलीस. "दादा, मघाशी मी बारा दाखवला होता. नीट बघ."

मी तुझ्याकडे न पाहता म्हणालो, "कागदावर जे आहे ते आहे."

मला तेव्हाच कळले होते का? होय. 'बारा' हा शब्द कानावर पडला तेव्हा बूट, हसू आणि रकाना, तिन्ही एकदम दिसले. परंतु समोर बावीसशे माणसे होती; त्यांच्यापैकी निम्म्यांना मी कधी ना कधी 'कागद चुकत नाही' असे ऐकवले होते. तू आणखी एकदा विचारले असतेस तर मी कदाचित... नाही. हेही खोटे आहे. तू दहा वेळा विचारले असतेस तरी त्या क्षणी मी तेच म्हणालो असतो.

सामन्यानंतर मागच्या खोलीत तू पत्रक पुढ्यात ओढलेस. मुख्य पंचाची सही झाली की सामना कायमचा मिटतो. त्याआधी कोणतीही नोंद दुरुस्त होते. बाहेर लोक दार बडवत होते. तू पेन उघडलेस आणि म्हणालास, "सही केली की संपलं बरं का."

मी म्हणालो, "ते पेन नको, फिकं उमटतं. हे घे."

आणि माझे पेन दिले.

तू सही केलीस. बाहेर पडलो तर तुझ्या स्कूटरची काच फुटलेली होती. तू काचा पायाने बाजूला केल्यास आणि मला म्हणालास, "तू चालत जा. माझ्याबरोबर दिसू नकोस."

मी चालत गेलो. घरी तुझ्या वहिनीने विचारले, "धाकटे भावजी कुठं आहेत?" मी तिला काय सांगितले ते आठवत नाही. तिने नंतर पुष्कळ वर्षे एवढेच म्हटले: "एक पत्र टाका." कशाबद्दल, ते कधी म्हटले नाही. तिला ठाऊक होते असे आता वाटते. शेवटच्या आजारातही ती म्हणाली आणि मी म्हणालो, "बघू."

पत्राचा विषय निघालाच आहे. तू गाव सोडून गेल्यावर साडेदहा महिन्यांनी तुझे पत्र आले. चार पाने. नवी नोकरी, नवे घर, पोरीला खोकला, आणि शेवटी एक वाक्य: 'दादा, तुला काही लिहावेसे वाटते का?' मी ते तपासून परत पाठवले. एकोणीस चुका, लाल शाईत, समासात योग्य रूपे. सोबत एक ओळही लिहिली नाही. त्या वेळी मला असे वाटले होते की मी उत्तर दिले आहे. मला खरोखर तसे वाटले होते, धाकट्या. हे तुला पटणार नाही आणि पटावे असा आग्रहही नाही. मी लोकांशी ज्या एका प्रकारे बोलू शकत होतो त्या प्रकारे बोललो. त्या शेवटच्या वाक्यात एकही चूक नव्हती. म्हणून ते कोरेच परत गेले.

बुधवार, १५ फेब्रुवारी

काल शिंप्याकडे गेलो. मुद्रिते आणि माझे पान घेऊन.

त्याचे दुकान तसेच आहे. एक मशीन, एक लांब टेबल, भिंतीवर शिडीचे मोजमाप खडूने लिहिलेले, ते त्याने कधी पुसले नाही. मला पाहून म्हणाला, "या, कानामात्रा. बसा. त्या कापडावर नको, ते नवरदेवाचं आहे. किती चुका निघाल्या?"

"एकशे बारा."

"एवढ्याच? तब्येत बरी आहे ना?"

मी पान त्याच्यापुढे ठेवले. तो वाचायला लागला तेव्हा त्याचा पाय मशीनवर होता आणि तोंडात टाचण्या होत्या. अर्ध्यावर पाय थांबला. शेवटी त्याने टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या.

"म्हणजे ती बोटं…"

"चार फाउल."

"आम्हाला नव्हती?"

"नव्हती."

तो खडूने टेबलावर रेघा मारत राहिला. मग म्हणाला, "हे एक तर तेव्हाच सांगायचं होतं, नाहीतर कधीच नाही. अहो, माझी बायको गेली तेव्हा दुकानाबाहेर चाळीस माणसं उभी होती. कुणाला काय बोलावं सुचेना. नुसती चार बोटं वर केली सगळ्यांनी. आता तुम्ही म्हणता, ती हिशेबाची होती."

मी मुद्रितांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला.

"बाकी सगळं छापतो," तो म्हणाला. "तुमची चूक छापतो, पंचाचं नाव छापतो, आंधळा-बिंधळा सगळं काढतो. चार बोटं तेवढी राहू द्या."

मी म्हणालो की ते असत्य आहे.

"स्कूटरची काच कुणी फोडली माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही."

"मग विचारू नका." आणि तो एकदम उठून इस्त्रीकडे गेला. इस्त्री गार होती, तरी ती त्याने दोनदा फिरवली. मला पाठमोराच म्हणाला, "त्यांना लिहिणार असाल तर लिहा, शिंप्याने सांगितलंय की काच त्यानं फोडली. दगड नव्हता. गजाची पट्टी होती. ही."

पट्टी अजून भिंतीवर टांगलेली आहे. तिच्यावरच तो आजही कापड मोजतो.

नंतर त्याने शिडीला फोन लावला आणि तो मध्ये ठेवला, दोघांना ऐकू येईल असा. मी नाव सांगण्याआधीच पलीकडून आवाज आला, "टेबलवाले? माझे चारच होते हो."

"होय," मी म्हणालो. "चारच होते. चूक माझी होती."

तो हसला. "बायको तीस वर्षं म्हणतेय, तुलाच मोजता येत नाही. जरा थांबा, तिला बोलावतो." मग हसणे थांबले. "पंच कसे आहेत?"

मी म्हणालो की मला ठाऊक नाही. सख्ख्या भावाविषयी असे म्हणावे लागले.

तेव्हा त्याने मला सांगितले. तू टेबलावरून परत त्याच्याकडे गेलास, तो संतापलेला होता, आणि तू त्याच्या छातीइतक्या उंचीवरून वर पाहून म्हणालास, 'चार आहेत, मला माहीत आहे. टेबलावर माझा दादा आहे. जाशील का?'

"जाशील का, असं विचारलं," शिडी म्हणाला. "सतरा वर्षांत कुठल्या पंचानं मला विचारलं नव्हतं. मी गेलो. लोकांनी बोटं वर केली होती, मग मीपण चारी बाजूंना फिरवली. काय करणार? तोवर ती त्यांची झाली होती."

मी एवढी वर्षे असे समजत होतो की तू सही करताना मला सांभाळून घेतलेस. ती तर त्याआधीच, सगळ्यांसमोर, मला ऐकू न येईल अशा आवाजात झालेली गोष्ट होती. तू नियम मोडलास. उत्तम पंच होतास. मी शिकवलेला प्रत्येक नियम तुला पाठ होता. त्यातला सर्वांत मोठा तू माझ्यासाठी मोडलास, आणि त्यानंतर शिट्टी कधी हातात घेतली नाहीस. लोक समजतात, तू तोंड लपवून गेलास. मीही लोकांना तसे समजू दिले.

असो. ठरले ते असे. माझे पान छापले जाईल. त्यात तुझे पूर्ण नाव, तू दाखवलेला खरा क्रमांक आणि 'कागदावर जे आहे ते आहे' हे माझे वाक्य असेल. 'आंधळा' हा शब्द सगळीकडून जाईल. बूट उचलल्याची आठवण राहील; तिचा उल्लेख बेचाळिसांपैकी कोणीच केला नव्हता, ती एकट्या माझ्याजवळ होती. चार बोटे पुस्तकात आहेत तशी राहतील. जाणूनबुजून एक चूक मुद्रितात सोडण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. समासात पेन्सिल टेकवली होती; उचलली.

२६ तारखेला सभागृहात मी ते पान उभे राहून वाचणार आहे. मला शिव्या पडतील असे शिंपी म्हणतो, आणि त्यातली पहिली तोच घालील असेही म्हणतो. तू यावेस असे मी लिहीत नाही. ते लिहिण्याचा अधिकार मला नाही. सभागृहाचे दार साडेचारला उघडते, इतकीच माहिती देतो.

पत्र वाचून झाले की लेकीला माझे आशीर्वाद सांग, आणि तेही तिची इच्छा असेल तरच. उत्तर आले नाही तर ते योग्य होते असे मी समजेन. आले तर ते जसे असेल तसे ठेवून घेईन.

तुझा,
ज्याला तू त्या दिवशी हाक मारलीस, तो
दादा

सोबत: तारखांची दुरुस्ती. पहिल्या तीन छापायच्या आहेत. उरलेल्या फक्त तुझ्यासाठी.

पान ९. शिडीचा पहिला सामना '१९७७च्या उन्हाळ्यात' नव्हे. ४ डिसेंबर १९७७.

पान २३. परिचारिका दिव्याची आठवण १९८५ची सांगते. तो वॉर्ड तेव्हा बांधलेलाच नव्हता. ऑगस्ट १९८६, दुसरा आठवडा. तुझी वहिनी त्याच वॉर्डात होती आणि डबा रोज तू आणत होतास, म्हणून मला ठाऊक आहे.

पान ४७. शनिवार, १९ मार्च नव्हे. रविवार, २० मार्च १९९४. फाउल चार.

२ मे १९९५. तुझे पत्र. ९ मे रोजी परत पाठवले. मधले सात दिवस ते टेबलावर उघडे होते.

१३ नोव्हेंबर २०१६. तुझी वहिनी गेली. तुला कार्ड २९ तारखेच्या सुमारास मिळाले असेल आणि उशीर टपालाचा असे तू समजला असशील. टपालाचा नव्हता. मी ते २७ला पेटीत टाकले.

१८ जून १९९४. ही तारीख क्रमाने वर यायला हवी होती. या दिवशी तू सहकुटुंब गाव सोडलेस. निरोप द्यायला फलाटावर कोणी आले नव्हते असे तू समजतोस. मी पुलावर होतो. लेकीच्या हातात पाण्याची बाटली होती आणि तू सामान दोनदा मोजलेस. गाडी पाच पंचवीसची होती. पाच एकतीसला सुटली. जिना उतरायला एक मिनिट लागते.